पॅलेस थेटरची शेवटची रांग

गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. रात्री फोन आला, ‘केशवराव पेटलंय.’ पलीकडच्यानं नाट्यगृह हा शब्द उच्चारला नाही, मलाही त्याची गरज वाटली नाही. कोल्हापुरात ‘केशवरावला जाऊ’ म्हटलं की कुठं जायचं ते लहान पोरालाही कळतं.

खासबागेकडं पोचलो तर रस्ताभर माणसं उभी होती. अग्निशमनच्या गाड्यांची ये-जा सोडली तर फारसा आवाज नव्हता. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई पदराचा बोळा तोंडावर धरून उभ्या होत्या. आतून काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘माझी जागा गेली.’

जीवितहानी झाली नाही. दगडी भिंती उभ्या राहिल्या. छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या. पुढं काही दिवसांतच पुनर्बांधणीची घोषणा झाली आणि रंगकर्मींपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी आली: जसं होतं तसं उभं करा. मागणी मनापासूनची होती, आमचीही तीच होती. पण ‘कसं होतं’ हे नेमकं सांगणार कोण? आम्ही नाटकवेडी पाच-सहा हौशी मंडळी त्या प्रश्नाच्या मागं लागलो आणि वर्षभर माणसांच्या आठवणी गोळा करत फिरलो. त्या कामात काय चुकलं, काय हाती लागलं ते इथं सविस्तर मांडतो. आपल्या गावातलं जुनं सभागृह, चावडी, वाचनालयाची इमारत पडली किंवा पाडली गेली असेल, तर तिथल्या कुणाला याचा उपयोग होईल.

आधी वास्तू

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि कोल्हापुरात कुस्तीसाठी तसंच गोल मैदान बांधायचं मनावर घेतलं. १९१२ ला खासबागचं मैदान झालं. त्याला लागून १९१३ ला थिएटरचं काम सुरू झालं आणि १९१५ ला ते पुरं झालं. नाव ठेवलं पॅलेस थिएटर. गावानं त्याचं थेटर केलं. आजही सत्तरीपुढच्या माणसाच्या तोंडी ‘पॅलेस थेटर’च येतं.

मैदान आणि थिएटर पाठीला पाठ लावून उभी. एकीकडं लाल माती, दुसरीकडं लाकडी फळ्या. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते. पैलवान आणि नट ही दोन्ही माणसं एकाच राजाच्या लेखी सारखीच मोलाची होती, आणि ते दाखवायला त्यानं शिलालेख कोरला नाही, जागा शेजारी-शेजारी दिली. कुस्त्यांच्या दिवशी खासबागेतून उठलेली आरोळी थिएटरमध्ये तालीम करणाऱ्याच्या कानावर यायची. आमची कितीतरी वाक्यं त्या आरोळीखाली गाडली गेली.

केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९० चा. १९०८ ला हुबळीत त्यांनी ललितकलादर्श मंडळी काढली. त्यांच्या नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघंही कोल्हापूरचे. याच बाबूरावांनी पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. म्हणजे या गावात गाणारा होता, पडदा रंगवणारा होता आणि राजानं त्यांना घरही बांधून दिलं होतं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झालं, म्हणजे बालगंधर्वांची आणि केशवरावांची अशा दोन मंडळींनी मिळून केलेला ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय एकतीस. थिएटरला त्यांचं नाव मिळालं ते १९५७ साली.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे थिएटर उभं राहिलं तेव्हा नाटकात माइक नव्हता. नटाचा, गायकाचा नुसता गळा आणि समोर भरलेलं घर. तिकीट स्वस्तातलं असलं तरी मागच्या माणसाला पद कळलं पाहिजे, हा हिशेब वास्तूतच मुरलेला होता. लांबी, उंची, छताचा उतार, लाकूड किती, दगड किती, सगळं त्यासाठी. मध्ये नजर अडवायला खांब नव्हता.

पहिली चूक

सप्टेंबरात आम्ही मेळावा घेतला. एका कार्यालयाचा हॉल, स्टेजवर पाच खुर्च्या, माइक, पुष्पगुच्छ. माणसं भरभरून आली. अडीच तास रेकॉर्डिंग झालं. घरी येऊन मी ते ऐकायला बसलो. वैभव होतं, वारसा होता, अस्मिता होती, डोळ्यांत पाणीही होतं. पण रंगपटातून, म्हणजे नटांच्या रंगभूषेच्या खोलीतून, रंगमंचावर यायला कुठून वळावं लागायचं, हे अडीच तासांत एकानंही सांगितलं नव्हतं.

दोष बोलणाऱ्यांचा नव्हता. माइक हातात दिला की माणूस भाषण करणार, आणि आम्ही विचारलं होतं ‘आपल्या आठवणी सांगा’. एवढ्या मोठ्या प्रश्नाला मोठे शब्दच उत्तराला येतात. ते रेकॉर्डिंग मी पुसलं नाही, पण कामासाठी परत कधी उघडलंही नाही.

मग पद्धत बदलली. एका वेळी एक किंवा दोन माणसं, त्यांच्या घरी, चहाबरोबर. प्रश्न बारीक. तिसरी घंटा झाली तेव्हा तुम्ही कुठं उभे होता? डाव्या हाताला काय लागायचं? अंधारात पाय कशाला अडखळायचा? पाऊस आला की आत कसं ऐकू यायचं? पाणी प्यायला कुठं जायचा? अशा प्रश्नांना माणूस आधी हसतो, मग डोळे मिटतो, मग हात हलवायला लागतो. हात हलायला लागला की समजायचं, आता खरी आठवण येतेय.

दोन माणसं एकत्र बसवण्याचा फार फायदा झाला. एकटा माणूस आठवण गुळगुळीत करून सांगतो. समोर दुसरा असला की तो मध्येच म्हणतो, ‘न्हाई न्हाई, दार हिकडं व्हतं.’ आणि मग दोघं भांडतात. त्या भांडणात जेवढं मिळालं तेवढं कुठल्या मुलाखतीत मिळालं नाही. फोनवर रेकॉर्ड करताना आधी परवानगी घ्यायची, सुरुवातीलाच तारीख आणि सांगणाऱ्याचं वय बोलून ठेवायचं, त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी प्रत उतरवायची. हे शेवटचं आम्ही एकदा केलं नाही आणि फोन बिघडला. एक अख्खी दुपार गेली. सांगणारे अण्णा तोवर आजारी पडले होते, त्यांना पुन्हा विचारायचा धीर आम्हाला झाला नाही.

तात्या

वर्षानुवर्षं प्रयोगांना लाइटचं काम केलेले एक तात्या आहेत. वय पंचाहत्तरीपुढं. घरी खुर्चीत बसून त्यांना काही म्हणता काही आठवेना. दिवे कमी-जास्त करायचा डिमर रंगमंचाच्या डाव्या विंगेत, म्हणजे बाजूच्या आडोशात, होता का उजव्या, असं विचारलं की गप्प. मग ते उठले, खोलीत मधोमध उभे राहिले, उजवा हात खांद्याच्या जरा वर नेला आणि बोटं अशी मिटली की हातात खटका आहे. ‘हितं,’ म्हणाले. ‘हितं हात जायचा. म्हणजे प्रेक्षक ह्या अंगाला.’ तिथून सगळा रंगमंच त्यांच्याभोवती गोळा झाला. विंगा कुठं, दिवे टांगायची बॅटनं कुठं, दोर बांधायच्या खुंट्या कुठं.

त्यांनीच सुचवलं की हे मोकळ्यावर करू. एका शाळेचं पटांगण रविवारी मागून घेतलं. कबड्डीला मारतात तशी फक्की आणली आणि तात्या चालत गेले तशी आम्ही मागून रेघ ओढत गेलो. चालताना एका जागी ते सहज वळसा घालून पुढं गेले. विचारलं तर म्हणाले, ‘हितली फळी वाजायची. गंभीर सीनला कोण हितनं जात न्हवतं.’ वळसा घातल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

पण नुसत्या पावलांवर विसंबून चालणार नव्हतं. माणसाचं पाऊल म्हातारपणी आखूड होतं. इथं मदतीला आल्या नेपथ्याच्या वह्या. राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारी प्रत्येक हौशी संस्था सेट बांधायच्या आधी रंगमंच टेपनं मोजते: दर्शनी रुंदी, खोली, विंगांमधलं अंतर, मागं किती जागा उरते. सुतारासाठी काढलेली ती कच्ची चित्रं कपाटांच्या तळाशी, फायलींत, एका घरी तर शिवणयंत्राच्या खणात सापडली. वेगवेगळ्या संस्थांच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि तात्यांची रेघ त्यांवर बसवली. बहुतेक ठिकाणी जुळली. जिथं जुळली नाही तिथं बऱ्याचदा कारण निघालं: मधल्या दुरुस्तीत ती जागा बदलली होती.

तात्यांनी आणखी एक सांगितलं, ते न विचारता. प्रयोग संपला, सेट उतरला, टेम्पो गेला की मेन स्विच पाडून ते अंधारात थोडा वेळ तसेच बसायचे. ‘कशाला?’ ‘वास घ्यायला. तापलेली वायर आधी वास देती. कापड, लाकूड, तेलाचा रंग, सगळं जळणारंच की हो तितं.’ जसं होतं तसं करा असं म्हणणाऱ्यांत तात्या पहिल्या रांगेत आहेत, पण वायरिंग, पडद्याचं कापड आणि बाहेर पडायची दारं यांच्या बाबतीत त्यांना जुनं काहीही नको आहे. कापडाला आग न धरणारा लेप हवा, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत, आणि रात्री वास घ्यायला एक पगारी माणूस हवा. शेवटची मागणी त्यांनी तीन वेळा सांगितली.

कुठलं ‘होतं’?

खुर्च्यांचा रंग विचारायची चूक कुणी करू नये. लाल, हिरवा, चॉकलेटी, ‘रंग कुठला, लाकडाच्याच होत्या’, सगळी उत्तरं आली आणि सगळी खरी होती. शंभर वर्षांत वास्तू किती तरी वेळा बदलली. दहा-बारा वर्षांपूर्वीही मोठं नूतनीकरण झालं. माझ्या भाच्याच्या आठवणीतलं केशवराव चकचकीत आहे, माझ्या आठवणीत ते कुबट आणि उबदार आहे, तात्यांच्या आठवणीत वायरच्या वासाचं. मग जसंच्या तसं म्हणजे १९१५ चं, १९५७ चं, की २०२४ च्या ७ ऑगस्टचं?

यावर आमच्यातच वाद झाले. एकाचं म्हणणं, शाहूकालीन रूप हेच खरं, बाकी सगळी भर. दुसऱ्याचं म्हणणं, लोकांनी जे वापरलं तेच खरं. मला दोन्ही अपुरं वाटलं. म्हणून आम्ही आठवणींचे तीन गठ्ठे केले: पाहिलेलं, केलेलं, ऐकलेलं. पाहिलेलं साल घालून लिहायचं. केलेलं, म्हणजे हातापायांना माहीत असलेलं, वह्यांशी ताडून लिहायचं. ऐकलेलं वेगळं ठेवायचं, पण टाकायचं नाही.

रंगमंचाखाली खोल पोकळी ठेवून त्यात पाणी सोडलेलं होतं, त्यानं आवाज भरायचा, ही गोष्ट आम्हाला कितीतरी जणांनी सांगितली. पाणी डोळ्यांनी पाहिलेला एकही भेटला नाही. ती तिसऱ्या गठ्ठ्यात गेली. पण पिढ्यान् पिढ्या माणसं ती का सांगत आली असतील याचा विचार केला तर काहीतरी हाती लागतं. लाकडी फळ्यांखाली पोकळी असली की तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी ती घुमते. नटाच्या पायालाही ते जाणवतं. इथं आवाज चढवावा लागत नाही, खालून कुणीतरी उचलून धरतं, हा अनुभव खरा होता. त्याचं कारण लोकांनी पाण्यात शोधलं.

तिन्ही गठ्ठे पुन्हा पुन्हा चाळले तेव्हा दिसलं की रंग, खुर्च्या, झुंबरं यांवर मतभेद आहेत, पण एका गोष्टीवर ऐंशीचा म्हातारा आणि विशीचं पोरगं एकमतानं बोलतात: मागं बसलं तरी ऐकू यायचं. माझ्या लेखी ‘जसं होतं’ ते हेच. बाकीचं बदललं तरी चालेल, काही तर बदललंच पाहिजे.

आणि हे आपोआप परत येणार नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. नटाच्या तोंडून निघालेला शब्द एकदा थेट कानाशी येतो आणि मग भिंतीवरून, छतावरून परतून येतो. परतलेला शब्द सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत आला, म्हणजे वाटेत सतरा मीटरपेक्षा जास्तीचा फेरा पडला नाही, तर कान दोन्ही एकच धरतो आणि शब्द भरदार होतो. त्याहून उशीर झाला की शब्दावर शब्द चढतो. त्यामुळं छत हातभर वर नेलं, बाजूच्या भिंतीला दुसरं काही लावलं, लाकडाच्या जागी सिमेंट आलं, तर नकाशात किरकोळ दिसणारा बदल शेवटच्या रांगेत मोठा होतो. माणसांची अंगंही आवाज पितात. रंगीत तालमीला रिकाम्या थिएटरात घुमणारा आवाज प्रयोगाला घर भरलं की बसतो, हे आमच्यातल्या नवख्या पोरालाही माहीत असतं. म्हणून वास्तू तयार झाल्यावर ती माइक बंद करून, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली, अशी दोनदा शेवटच्या रांगेतून ऐकून घ्या, असं आम्ही टिपणात लिहिलं. सोबत फक्कीच्या रेघांचा नकाशा, वह्यांच्या प्रती आणि तात्यांच्या मागण्या जोडल्या. टिपण द्यायचं तिथं दिलं, पोच घेतली. पुढं त्याचं काय होतं त्याच्या मागावर आम्ही आहोत.

मावशी

आगीच्या रात्री शेजारी उभ्या असलेल्या त्या बाई मला पुन्हा भेटल्या त्या योगायोगानं, महाद्वार रोडला. मी ओळखलं, त्यांनी नाही. ‘माझी जागा गेली’ म्हणजे काय, ते विचारलं.

मावशी थिएटरबाहेर गजरे विकायच्या. तीस वर्षांच्या वर. नाटक सुरू होईपर्यंत गिऱ्हाईक असायचं, आणि पहिल्या अंकातही उशिरा येणारे असायचेच. मध्यंतर झालं की टोपली रिकामी व्हायची. दारावरचा माणूस ओळखीचा, तो म्हणायचा, ‘या मावशी, बसा मागं.’ शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची. डोळ्यांचा नंबर मोठा, त्यामुळं नट म्हणजे हलणारे रंग. ‘दिसायचं न्हाई मला. पर शब्द न् शब्द यायचा. गाणं आलं की अंगावर आल्यागत यायचं.’ किती नाटकं बघितली असतील म्हटल्यावर बोटं मोजायला लागल्या आणि मग थांबल्या. ‘पर पयला अंक मी कवाच बघितला न्हाई बघ. समद्यांची लग्नं जमल्याली, नायतर मोडल्याली, तिथनं पुढंच मी बसलो.’

वर्षभर आम्ही ज्या रांगेबद्दल बोलत होतो तिथं कायम बसलेलं माणूस आम्हाला सगळ्यात शेवटी सापडलं. आमच्या यादीत नट होते, दिग्दर्शक, समीक्षक, संस्थाचालक होते. गजरेवालीला विचारावं हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. याची मला लाज वाटते आणि ती इथं नोंदवून ठेवतो.

पुढच्या रविवारी मावशींना शाळेच्या पटांगणावर नेलं. पावसानं रेघा पुसल्या होत्या, पुन्हा फक्की मारली. तात्याही आले. रंगमंच, पिट, रांगा, दारं. मावशी चपला काढून दाराच्या रेघेतून आत आल्या, बाजूनं वळसा घालत मागं गेल्या आणि शेवटच्या रेघेशी, कडेला, आणलेली सतरंजी टाकून बसल्या. आमच्यातलं एक पोरगं रंगमंचाच्या जागी उभं राहिलं. तात्या म्हणाले, ‘वरडू नको. नाटकात बोलतोस तसं बोल.’ पोरानं दोन वाक्यं म्हटली, चांगली म्हटली.

मावशींनी कानामागं हात धरला. मान हलवली. पोरानं पुन्हा म्हटलं. वारा होता, रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, भिंत कुठंच नव्हती. शब्द निघत होते आणि चारी अंगांनी विरून जात होते.

‘आईकाय येईना रे बाळा,’ मावशी म्हणाल्या. उठल्या, सतरंजीची घडी घातली, तात्यांना नमस्कार केला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘भिंती झाल्या की बोलवा. ह्या टायमाला पयल्या अंकाला येतो.’